दिसतो, पण सापडत नाही : ‘वऱ्हाड’ या शब्दाचा शोध

डोळ्यांना स्पष्ट दिसणारा शब्द संगणकाला का दिसू नये? हा प्रश्न कोड्यासारखा वाटतो. पण मराठीत लिहिणाऱ्या कोणाच्याही वाट्याला तो येऊ शकतो. तेव्हा तो नीट समजून घेण्यासाठी आपण एक प्रसंग कल्पू.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद हे तालुक्याचे गाव आहे. समजा, तेथील एका माध्यमिक शाळेतल्या दहा विद्यार्थ्यांनी ‘आपला तालुका’ या विषयावर एकेक लेख लिहिला. शाळेच्या संगणकांवर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. कोणी पऱ्हाटीवर लिहिले, कोणी सातपुड्याच्या दऱ्यांवर, तर कोणी डोंगरापलीकडच्या बऱ्हाणपूरवर. काही जणांनी शाळेत बसून लेख टंकले, काहींनी ते घरून मोबाइलवर लिहून आणले. दहाही लेख एका फोल्डरात ठेवले. मग गुरुजी म्हणाले, “वऱ्हाड हा शब्द कोणाकोणाच्या लेखात आला आहे, ते काढा पाहू.”

लिनक्समध्ये या कामासाठी ‘ग्रेप’ नावाची आज्ञा आहे. (आज्ञा टर्मिनलच्या खिडकीत रोमन लिपीतच टंकायच्या असतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) ग्रेपला शब्द सांगितला, फोल्डर दाखवला, की ज्या ज्या फाइलीत तो शब्द असेल त्या फाइलीचे नाव आणि ती ओळ पडद्यावर उमटते. ग्रेपने सहा नावे दिली. पण उरलेल्या चार फाइली उघडून पाहाव्यात, तर त्यांतल्या दोन फाइलींत पहिल्याच ओळीत ‘वऱ्हाड’ ठळकपणे बसलेला!

अशा वेळी वर्गात काय होते, हे वेगळे सांगायला नको. एक म्हणतो, व्हायरस शिरला. दुसरी म्हणते, बंद करून पुन्हा सुरू करा. तिसरा सगळी प्रणालीच नव्याने बसवायला निघतो. बंद करून सुरू केल्याने कधी कधी दोष जातोही. पण तो कशाने झाला होता हे मात्र कायमचे कळेनासे होते. आणि या ठिकाणी तर दहा वेळा बंद-चालू केले तरी वऱ्हाड सापडणार नाही.

मोटार चालते, पाणी येत नाही

शेतातला पंप ज्याने कधी दुरुस्त होताना पाहिला आहे, त्याला दोष शोधण्याची रीत वेगळी शिकवावी लागत नाही. मोटार फिरते आहे, पण पाणी येत नाही. जाणता माणूस लगेच मोटार खोलत नाही. वीज मोटारीपर्यंत पोचली हे आवाजावरून कळले, म्हणजे तारा आणि फ्यूज बाजूला पडले. मग तो विहिरीतल्या पाण्याची पातळी पाहतो, फुटव्हॉल्व्ह पाहतो, पाइपात हवा शिरली आहे का ते पाहतो. पाण्याची वाट त्याला ठाऊक असते आणि त्या वाटेवरचा एकेक टप्पा तो निर्दोष ठरवत जातो.

अक्षरालाही अशी वाट असते. तुम्ही कळ दाबता. कळफलकाची आज्ञावली त्या कळेला एक संकेतांक देते. तो संकेतांक फाइलीत लिहिला जातो. फाइल उघडली, की अक्षरे जुळवणारी आज्ञावली ते संकेतांक वाचून टंकसंचातून, म्हणजे फॉन्टमधून, योग्य आकृती निवडते. शेवटी आकृती पडद्यावर उमटते. आपल्याला दिसते ती शेवटच्या टप्प्यावरची आकृती. ग्रेप मात्र फाइलीतले संकेतांक पाहते. तिला आकृतीशी काही देणेघेणे नाही.

आता आपल्या दहा विद्यार्थ्यांनी काय करावे? एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

प्रथम, त्या हट्टी फाइलीत दुसराच एखादा शब्द शोधावा, उदाहरणार्थ ‘सातपुडा’. तो सापडला. म्हणजे फाइल वाचता येते, तिच्यावर बंदी नाही, ग्रेपही ठीक आहे. (येथे एक सावधगिरी. हे लेख साध्या मजकुराच्या फाइलींत हवेत. लिबरऑफिसच्या फाइली आतून दाबून बांधलेल्या असतात. त्यांत ग्रेपला कोणताच शब्द सापडणार नाही.) नंतर फॉन्ट बदलून पाहावा. शब्दाचे रूप थोडे बदलते, पण शोधाचा निकाल तोच राहतो. म्हणजे दोष फॉन्टचा नाही.

तिसरा प्रयोग खरा मजेचा. हट्टी फाइलीतलाच ‘वऱ्हाड’ शब्द उचलून तोच ग्रेपला द्यावा. आता त्या दोन फाइली सापडतात, पण आधीच्या सहा सापडत नाहीत! म्हणजे एकाच चेहऱ्याचे दोन निरनिराळे शब्द आपल्या फोल्डरात आहेत.

शब्द मोजून पाहा

जुळी भावंडे चेहऱ्याने ओळखता आली नाहीत, तर वजनकाट्यावर उभी करावीत. लिनक्समध्ये ‘डब्ल्यूसी’ ही मोजणीची आज्ञा आहे. तिला ‘एम’ ही खूण जोडली तर ती चिन्हे मोजते, ‘सी’ जोडली तर बाइट मोजते. ‘प्रिंटएफ’ या आज्ञेने शब्द जसाच्या तसा तिच्याकडे सोपवता येतो. पहिला वऱ्हाड मोजला, तर चिन्हे ६ आणि बाइट १८ भरतात. दुसरा मोजला, तर चिन्हे ७ आणि बाइट २१.

सहा चिन्हे कोणती? व, ऱ, हलन्ताची खूण, ह, काना आणि ड. दर चिन्हाला ३ बाइट, म्हणून १८. मग दुसऱ्या शब्दात सातवे चिन्ह कोठून आले? डोळ्यांना तर ते दिसत नाही.

ते पाहण्यासाठी ‘ओडी’ ही आज्ञा वापरतात. ती फाइलीतील बाइट अंकांच्या रूपाने समोर मांडते. दोन्ही शब्दांची सुरुवात अशी निघते :

पहिला : २२४ १६४ १८१, २२४ १६४ १७७, २२४ १६५ १४१
दुसरा : २२४ १६४ १८१, २२४ १६४ १७६, २२४ १६५ १४१, २२६ १२८ १४१

पहिला त्रिक म्हणजे ‘व’. तो दोहोंत सारखा. दुसऱ्या त्रिकात १७७ आणि १७६ असा एका अंकाचा फरक आहे. १७७ वर संपणारा तो ‘ऱ’ (खाली टिंब असलेला), आणि १७६ वर संपणारा तो आपला नेहमीचा ‘र’. तिसरा त्रिक हलन्ताचा. आणि दुसऱ्या शब्दातला चौथा, २२६ १२८ १४१, हाच तो लपलेला पाहुणा. त्याचे नाव ‘झिरो विड्थ जॉइनर’, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. तो स्वतः काहीच जागा घेत नाही. शेजारच्या अक्षरांनी कसे जोडले जावे, एवढेच सुचवतो.

गुन्हेगार सापडला. पण एकाच अक्षराची अशी दोन रूपे निर्माण झालीच कशी, हे कळल्याशिवाय शोध पुरा होत नाही.

दर्या आणि दऱ्या

मराठीत ‘र’ पुढच्या व्यंजनाला दोन तऱ्हांनी जोडला जातो. ‘सूर्य’, ‘दर्या’, ‘आचार्य’ यांत तो रफार होऊन डोक्यावर बसतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ यांत तो पापणीच्या केसासारखा आडवा होऊन शेजारी उभा राहतो. हिंदीत आणि संस्कृतात या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही. मराठीत मात्र त्याने अर्थ बदलतो : ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ ही वाक्ये चुकवली, तर एक तर जेवण राहील नाही तर व्याख्यान. सातपुड्याच्या दऱ्यांत रफार शिरला, तर बुलढाणा जिल्ह्यात समुद्र येईल! वऱ्हाडच्या माणसाला तर हे अक्षर टाळताच येत नाही. प्रदेशाचे नाव वऱ्हाड, पिकाचे पऱ्हाटी, शेजारच्या जिल्ह्याचे बऱ्हाणपूर, आणि राबणारा तो शेतकरी. त्याला कोणताही प्रत्यय लावा, शेतकऱ्याने, शेतकऱ्याला, शेतकऱ्याचा, पापणीचा र हजर.

भारतीय लिप्यांसाठी संकेतांकांची पद्धत आपल्या देशातच तयार झाली. तिचे नाव इस्की. भारतीय मानक म्हणून ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जगातल्या साऱ्या लिप्यांना एका यादीत बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतली. देवनागरीला मिळालेल्या मुख्य कप्प्यात १२८ जागा आहेत. त्यांत ‘ऱ’ला स्वतंत्र जागा मिळाली, तीही, गंमत म्हणजे, दक्षिणेकडील भाषांतला निराळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. मग ठरले असे, की ‘ऱ’ला हलन्त लावला की पापणीचा र व्हावा. पण साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे जोडक लावूनही तोच आकार मिळावा, अशी दुसरी वाटही मान्य केलेली होती. दोन्ही वाटा एकाच आकाराकडे जातात. कोणता कळफलक कोणती वाट धरील, हे तो कळफलक तयार करणाऱ्याने ठरवले. शाळेतल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘शिफ्ट’ धरून ‘जे’ दाबले की ‘ऱ’ उमटतो. नंतर ‘डी’ दाबले की हलन्त. उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरे टंकून मराठी मिळवण्याच्या काही पद्धती मात्र जोडकाची वाट धरतात.

माझ्या मते पहिलीच वाट बरी. कारण जोडक अदृश्य आहे, आणि अदृश्य वस्तू हरवली तर कोणाच्या लक्षात येत नाही. काही आज्ञावल्या मजकूर ‘स्वच्छ’ करताना अशी न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढून टाकतात. जोडक गेला, की मागे उरतो नुसता र आणि हलन्त. तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. छापील मजकुरात रफाराचे ‘वर्हाड’ दिसले, की लेखकाला शुद्धलेखन येत नाही असे घाईने म्हणू नये. कदाचित त्याने बरोबरच लिहिले असेल.

हा केवळ शाळेच्या लेखांचा प्रश्न आहे असेही नाही. गोऱ्हे किंवा कऱ्हाडकर आडनावाचा विद्यार्थी एखाद्या यादीत असतो, डोळ्यांना दिसतोही, पण नाव टंकून शोधले तर संगणक ‘आढळले नाही’ असे सांगतो. खिडकीपलीकडच्या माणसाचा संगणकावर विश्वास असतो. अशा वेळी यादी नजरेखालून घाला, किंवा आडनावातला ‘ऱ्ह’ सोडून बाकीच्या अक्षरांवर शोध घ्या, एवढे सुचवता आले तरी एखाद्याची फेरी वाचते.

आता दुरुस्ती. शब्द बदलून देणारी ‘सेड’ ही आज्ञा लिनक्समध्ये असते. तिला सांगायचे, की र, हलन्त आणि जोडक हे तीन ओळीने आले, तर त्या जागी ऱ आणि हलन्त लिही. त्याआधी साऱ्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या फोल्डरात ठेवायची. हे विसरू नये. आणि ‘जोडकच सगळे काढून टाकू’ हा सोपा मार्ग घेऊ नये. तसे केले तर काय होईल, ते वर आलेच आहे. शिवाय एखादे जोडाक्षर मुद्दाम अर्ध्या रूपात सुटे दाखवण्यासाठीही जोडकाचा उपयोग करतात. बदल झाला, की पुन्हा ग्रेप चालवायची. आता आठ नावे आली पाहिजेत. उरलेल्या दोन लेखांत वऱ्हाड खरोखरच नसेल, तर तेही वाचून पाहावे. दुरुस्ती झाली असे मानणे आणि ती तपासणे यांत फरक आहे.

चौकोन, टोपीवाले ‘ए’ आणि रोमन खिचडी

अक्षराची वाट एकदा ध्यानात आली, की मराठी मजकुराचे बाकीचे आजार लक्षणांवरून ओळखता येतात.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर संकेतांक ठीक आहेत. त्यांना आकृती देणारा फॉन्ट संगणकावर नाही. ‘एफसी-लिस्ट’ या आज्ञेला मराठीची खूण, म्हणजे ‘एमआर’ ही दोन अक्षरे, देऊन विचारले, की मराठी लिहू शकणाऱ्या फॉन्टांची यादी मिळते. यादी रिकामी असेल, तर एखादा फॉन्ट बसवावा. ‘लोहित’ या मालेतले फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ साली सर्वांसाठी खुले केले. त्यांच्यावर पुढे पुण्यातही काम झाले. ‘नोटो’ हा दुसरा. या रिकाम्या चौकोनांना इंग्रजीत ‘टोफू’ म्हणतात, कारण ते सोयाबीनच्या पनीरच्या वड्यांसारखे दिसतात. ‘नो टोफू’वरून नोटो हे नाव पडले.

चौकोन नाहीत, पण अक्षरे सुटी सुटी दिसतात, पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते, हलन्ताचे पाय उघडे राहतात, असे झाले तर दोष अक्षरे जुळवणाऱ्या आज्ञावलीत शोधावा. लिनक्सवर हे काम बहुधा ‘हार्फबझ’ करते. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर. ‘एक हरफही काढला नाही’ असे आपण म्हणतो तोच तो फारसीतून आलेला शब्द.

तिसरे लक्षण तर फारच बोलके आहे. मराठीऐवजी विचित्र चिन्हांची रांग दिसते, आणि तीत ठराविक अंतराने डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ येत राहतो. वरच्या अंकांकडे पुन्हा पाहा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होते, आणि जुन्या पश्चिम युरोपीय संकेतपद्धतीत २२४ म्हणजे तो टोपीवाला ‘ए’! म्हणजे फाइल चांगली आहे, फक्त ती चुकीच्या नियमाने वाचली जात आहे. संपादकाला ‘यूटीएफ-८’ या पद्धतीने वाच, असे सांगितले की मराठी जागेवर येते. ही पद्धत केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एका खानावळीत, टेबलावर पसरलेल्या कागदावर आखली. आपली ग्रेपही मूळची थॉम्सन यांचीच, १९७० च्या दशकातली.

मात्र सरळसरळ रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी दिसली, तर प्रकरण वेगळे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. अशा फाइलीत मराठी मुळी नसतेच. रोमन अक्षरांनी मराठीचा पोशाख घातलेला असतो. तो फॉन्ट नसेल तर पोशाख उतरतो. येथे नवा फॉन्ट बसवून उपयोग नाही. मजकूर परिवर्तकातून काढून प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा लागतो. शाळांच्या, वाचनालयांच्या कितीतरी जुन्या स्मरणिका अशा फाइलींत अडकून आहेत.

वीज गेली तेव्हा

अक्षरांखेरीज दोन दुखणी सर्वत्र आढळतात. एक म्हणजे हार्डडिस्क भरणे. लेख जतन होत नाही, छपाई अडते, कधी पासवर्ड बरोबर असूनही संगणक आत घेत नाही. आणि या साऱ्यांचे मूळ एकच असू शकते. ‘डीएफ’ ही आज्ञा कोणत्या भागात किती जागा उरली ते सांगते. वेगवेगळी लक्षणे एकदम दिसू लागली, की आधी तिलाच विचारावे.

दुसरे दुखणे वीज अचानक जाण्याचे. संगणक डिस्कवर लिहीत असताना वीज गेली, तर अर्धवट नोंद मागे राहते. दुकानदार दिवसाचा व्यवहार प्रथम रोजकीर्दीत टिपतो आणि मग सवडीने खतावणी करतो. खतावणी अर्धी राहिली, तरी कीर्द पाहून ती पुरी करता येते. लिनक्सच्या फाइलव्यवस्थेत अशी रोजकीर्द ठेवणारी ‘एक्स्ट-३’ ही पद्धत मूळ गाभ्यात २००१ साली आली. तिच्यामागून आलेली ‘एक्स्ट-४’ आज पुष्कळ ठिकाणी वापरात आहे. म्हणून वीज आल्यावर संगणक सुरू होताना क्षणभर थांबला, काही तपासणीच्या ओळी दिसल्या, तर घाबरून पुन्हा बटण दाबू नये. तो कीर्द वाचत असतो. पण तुम्ही टंकलेला आणि जतन न केलेला परिच्छेद या कीर्दीत नसतो, एवढे लक्षात असू द्या.

लिनक्सची सुरुवात १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केली. त्याचा स्रोत उघडा असल्यामुळे दोष कोणालाही कळवता येतो, तुम्हालाही. कळवताना ‘मराठी चालत नाही’ असे लिहिले, तर कोणाला काही उमगणार नाही. कोणत्या आज्ञावलीची कोणती आवृत्ती, कोणता शब्द, कोणत्या कळा दाबल्या, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, हे क्रमाने लिहा, संकेतांक जोडा. ज्याला मराठीचे अक्षरही येत नाही, असा परदेशातला प्रोग्रॅमरदेखील ते वाचून तुमचा दोष आपल्या संगणकावर घडवून आणू शकेल.

आता एक प्रयोग तुम्ही करा. एका साध्या मजकूर-फाइलीत ‘जळगाव जामोद’ एवढेच टंका, एंटर दाबा, फाइल जतन करा आणि डब्ल्यूसीने बाइट मोजा. अक्षरे, काना, मात्रा मिळून १० चिन्हे. त्यांचे ३० बाइट आणि मधल्या मोकळ्या जागेचा १. म्हणजे ३१ यायला हवेत. पण संगणक ३२ सांगेल. तो एक कोठून आला? आणि तुमच्या शेजाऱ्याच्या संगणकावर ३५ आले, तर त्याने काय वेगळे टंकले असेल? जुन्या पाट्यांवर गावांची नावे कशी लिहिलेली असतात, ते येता जाता पाहा. पस्तिसाचे उत्तर तेथे मिळेल.